बारशाआधी दिलेलं नाव

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

मी शरदिनी वासुदेव जोगळेकर, हल्ली मुक्काम ब्रह्मा घाट, काशी. ही डायरी जावईबापूंनी दिली, म्हणाले, आई, नातीचं सगळं यात लिहून ठेवा. म्हणून पहिल्या ओळीत आधी माझंच नाव ठसठशीत काढलं. शाळा तिसरीपर्यंतच, पण मास्तरांनी अक्षर घोटून घेतलंय.

काल गाडी पाच तास उशिरा आली. भुसावळहून डिंकाचे लाडू मांडीवर धरून आणले, आणि पोचते तो नात माझ्या आधीच हजर. गोरीपान, जावळ दाट. रडते तर अशी, की घाटावरचा नावाडी मान वर करून खिडकीकडे बघतो. मला तर तिचं रडणंच ऐकत बसावंसं वाटतं.

नाव ठरलंय. लेकीनं, मृणालनं, माझ्या कानात सांगितलं. पण इथेही लिहायची नाही. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात सांगेपर्यंत ते बाहेर पडू द्यायचं नाही, अशी आमची रीत. आत्या म्हणजे जावईबापूंची बहीण वीणा, रामनगरला असते, तेरा तारखेला येईल. माझी बाई नावं दोन. माहेरी मी बकुळ. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं शरदिनी लिहिलं, आणि बकुळ तिथेच राहिली. असो. कुठून कुठे गेले.

५ फेब्रुवारी

घरात कम्प्युटर आला. जावईबापू, म्हणजे आमचे ढुंढिराज, पत्रिका करतात. आता यंत्र गणित मांडेल आणि छापून देईल म्हणे. जुनाच घेतलाय, कोणाचा ते विचारलं नाही. मी म्हटलं, सोयर चालू आहे, हळदकुंकू लावता येणार नाही, आठ दिवस थांबा. तर हसले. पान तोंडात असलं की हनुवटी वर करूनच हसतात.

पत्रिकेचं सगळं अकरा चौकोनी तबकड्यांत आहे. एकेक घालायची, तो घरघरतो, मग पुढची मागतो. नवव्या तबकडीला अडला. पुन्हा पहिल्यापासून. तीनदा झालं. छापायचं यंत्र तर नुसते त्रिकोण आणि फुल्या छापतं. मी विचारलं, तुमच्या कम्प्युटरनंही तोंडात पान धरलंय का, बोलत कसा नाही तो. मृणाल बाजेवर हसून हसून कळवळली.

बटणांवर जावईबापूंनी आपल्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. क कुठे, म कुठे, मी शोधून ठेवलं.

७ फेब्रुवारी

काय बिघडलंय ते आज जावईबापूंनी मला समजावून सांगितलं. आत एक वस्तू आहे. ती आहे हे यंत्राला कळतं, पण कोण आहे ते कळत नाही, म्हणून तिच्यापुढे पिवळी खूण येते आणि बाकीचंही अडतं. अशा वस्तूची ओळख करून देणारा ड्रायव्हर म्हणून असतो, तो घातला की ती कामाला लागते. पण कोणती वस्तू तेच माहीत नाही, मग ड्रायव्हर कुठला घालणार? जावईबापू ती यादीतून काढून टाकतात, यंत्र बंद करून चालू करतात, की ती पुन्हा तिथेच.

मला तिची दयाच आली. आहे, आणि नाव नाही. आमच्या छकुलीसारखी.

८ फेब्रुवारी

दुरुस्तीवाला बिंदुमाधव आला होता. गल्लीतलाच, मराठी. डब्याचं झाकण काढलं, बॅटरी मारली. मग मलाच बोलावून दाखवलं. "आजी, बघा. ज्या खाचेत ती वस्तू आहे म्हणतोय, तिथे काही लावलेलंच नाही."

खाच रिकामी होती. झाकण लावून यंत्र चालू केलं, तर पिवळी खूण होतीच. बिंदुमाधव चहा अर्धा टाकून गेला.

९ फेब्रुवारी

आज मी गंमत केली. जावईबापू यजमानांकडे गेलेले, मृणालचा डोळा लागलेला, बोरसीतले, म्हणजे इकडच्या मातीच्या शेगडीतले, निखारे सारून मी उठले तर यंत्रावर चौकट. एरवी सगळं इंग्रजी, पण ही आपल्या अक्षरांत. नाम? एवढंच.

म्हटलं पत्रिकाच विचारत असेल. आणि नसेल, तरी कुणी बिननावाचं किती दिवस बसायचं? एका बोटानं छकुलीचं नाव उमटवलं. बटणावरच तर दिलं, तोंडातून कुठे काढलं?

पिवळी खूण गेली. अकराही तबकड्या सरळ गेल्या. जावईबापू येऊन बघतात तो सगळं सुरळीत. काय केलंत म्हणाले. मी नुसती हसले.

१० फेब्रुवारी

नात आज रडली नाही. शहाणी झाली म्हणतात सगळे. नावाड्यानं खालून विचारलं, बिटिया कहीं गई है क्या.

११ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. सगळं ठीक आहे म्हणाल्या. ठीक नाही. तोंड उघडते, गाल लाल होतात, आवाज येत नाही.

आवाज दुसऱ्या खोलीतून येतो. डब्यातून. बारीक, भुकेचा. आवाजाचं काही लावलेलं नाही त्याला, जावईबापूंनी दोनदा पाहिलं. तार काढली तेव्हा थांबला. इकडे तिचा श्वासही — लगेच तार लावायला लावली मी.

१२ फेब्रुवारी

नाव आठवत नाही.

मृणालला विचारलं. तिला थट्टा वाटली. मग तिचाही चेहरा उतरला. जावईबापूंनी हातानं केलेलं टिपण काढलं. दिवस आहे, घटका आहे, नावाची जागा कोरी.

मी काय केलं ते सांगून टाकलं. कोणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. जावईबापू म्हणाले, यंत्रातलं सगळं पुसतो, पहिल्यापासून घालतो. मी त्यांचा हात धरला. नाव त्या वस्तूपाशीच आहे ना. पुसलं तर —

१३ फेब्रुवारी, बारसं

वीणा आली. पाळण्यात वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं. तशीच राहिली.

मग वर बघून म्हणाली, "वहिनी, काय ठरलं होतं गं?"

बायका घुगऱ्या हातात धरून बसल्या. सकाळपासून छकुलीच्या पोटात थेंबभर दूध नाही. नखं निळी.

दुपार

चौकट पुन्हा आली. नाम?

बकुळ दिलं. माझंच आहे, मला द्यायचा हक्क आहे. छकुलीनं एक हुंदका दिला. एकच. मग पुन्हा — नाम?

बकुळ म्हणणारं आता कोणी नाही. त्या वस्तूला हाकेतलं नाव हवंय.

पहिल्या ओळीत लिहिलंय ते — अक्षर अक्षर शोधून — दिलं —

रडली. केवढ्यानं रडली. घाटावर ऐकू गेलं असेल. वीणा ओरडली, आठवलं — कस्तुरी — कस्तुरी गं — हो, कस्तुरीच — दूध ओढतेय —

मी दारात गेले. मृणालनं बाळ छातीशी घट्ट धरलं. जावईबापू मध्ये आले, हात जोडून विचारलं, "माताजी, आप कौन?"

यंत्रापाशी बसलेय. आतून कोणीतरी म्हातारं कण्हतं —

डायरीचं पहिलं पान उघडलंय. ठसठशीत आहे. दिसतं. वाचता येत नाही. तीन शब्द आहेत. मी —

माझं नाव