रोझलोरचं शून्य

४ मे, सोमवार

शून्य! मी ब्याऐंशी दिले होते. संचालकांनी त्यावर तांबडी काट मारली आणि शून्य लिहिलं. माझ्या सहीच्या डोक्यावर त्यांची सही!

सराव परीक्षेचा पेपर मीच काढला होता. ‘सौंदर्य कळायला ज्ञान लागतं का?’ सगळ्या वर्गाने मी फळ्यावर लिहिलेलंच मला परत वाढलं, गार करून. एकटीने डोकं चालवलं – रोझलोर क्लेअरव्हिल, मागच्या बाकावरची. आणि तिने पेपर शाळेच्या फ्रेंचमध्ये नाही, घरी-बाजारात सगळे बोलतो त्या क्रेओलमध्ये लिहिला.

संचालक लाफोरेस मला म्हणाले, “आनेल्यूस, क्रेओलमध्ये भांडता येतं, गाता येतं, मासळीचा भाव करता येतो. तत्त्वज्ञान करता येत नाही.”

“तिने केलंय. वाचा तरी.”

“वाचायची गरज नाही. पहिली ओळ पुरे.”

वाचायची गरज नाही! शेवटच्या वर्गाचं नावच ‘फिलो’. तत्त्वज्ञानाचा वर्ग! आणि तिथे जी विचार करते तिला शून्य. आता तत्त्वज्ञानात नापास म्हणून शाळा तिचं नाव सरकारी परीक्षेला पाठवणार नाही. म्हणजे पोरीचं वर्ष बुडालं.

संविधानात दोन्ही भाषा लिहिल्यात म्हणे. संविधान काय, कपाटात असतं.

५ मे, मंगळवार

पेपर पुन्हा वाचला.

ती आईबद्दल लिहिते. आई आमच्या जाकमेलच्या लोखंडी छपराच्या बाजारात कापड विकते. ठाण उलगडते, उजेडाकडे धरते, आणि एखाद्या गिऱ्हाइकाला सरळ सांगते, ‘हे नको घेऊस. हे खोटं हसतं.’ रंग खोटा हसतो म्हणजे काय? रोझलोर दोन पानं तेच उलगडत जाते – की आईला हे कुणी शिकवलेलं नाही, पण ते नुसतं ‘वाटणं’ही नाही. कारण आईला ते चुकल्याचंही कळतं. चुकलं हे ज्याला कळतं, त्याच्याकडे ज्ञान आहेच!

आणि मग हे: ‘टेकडीवरच्या बंगल्यातल्या बाईंनी निळा पडदा निवडला तर ती त्यांची अभिरुची. माझ्या आईने निवडला तर ती तिची आवड. पडदा एकच आहे.’

सतरा वर्षांची पोर! मी पंचवीस वर्षं शिकवतोय. मला हे सुचलं नाही.

९ मे, शनिवार

बाजारात गेलो. इफोनिझ क्लेअरव्हिल – रोझलोरची आई – ठाणांच्या ढिगामागे बसलेली, तोंडात टाचण्या. मला वाटलं होतं ती रडेल. नाहीतर माझे आभार मानेल. ती माझ्यावरच उखडली.

“मास्तर, क्रेओल तर ती घरी फुकट बोलते! त्यासाठी मी शाळेचे पैसे भरते का?”

“बाई, तिने तुमच्यावर लिहिलंय.”

“माझ्यावर? क्रेओलमध्ये? झालं! म्हणजे लोक म्हणणार, बाजारवालीची पोर बाजारवालीच निघाली.”

म्हटलं, ऐका तरी. पेपर काढला आणि थोडा वाचून दाखवला. तिने टाचण्या तोंडातून काढून ठेवल्या. खोटं हसणाऱ्या कापडाचा भाग आला तशी ती गालात हसली. शेजारची मिरच्यावाली म्हणाली, “अगं, हे तर तूच बोलतेस!”

वाचून झालं. ती एका ठाणाची घडी घालायला लागली.

“चांगलं लिहिलंय,” म्हणाली. “म्हणून तर जास्त राग येतो. हेच फ्रेंचमध्ये असतं, तर संचालकांनी काचेत घालून भिंतीवर लावलं असतं.”

खरं आहे ते. खरं आहे म्हणूनच तळपायाची आग मस्तकात गेली.

१३ मे, बुधवार

शाळेच्या मंडळाकडे अर्ज दिला. शिक्षकांच्या खोलीत सह्या मागत फिरलो. एकाला चष्मा सापडेना. दुसऱ्याला बायकोला विचारायचं होतं. गणिताचे झोसलें म्हणाले, “तुझं बरोबर आहे रे. पण माझा मुलगा पुढच्या वर्षी याच शाळेत यायचाय.” एकट्याच्या सहीने दिला.

अर्ज चांगला उतरलाय. लिहिलं – मुलीच्या घरी फ्रेंच बोलणारं कुणी नाही, बाप लहानपणीच गेला, आई निरक्षर, मुलीला ती भाषा झेपत नाही, पण म्हणून तिच्या बुद्धीला शिक्षा का? वाचून दगडालाही पाझर फुटेल!

१४ मे, गुरुवार

उत्तर नाही.

१८ मे, सोमवार

झेंड्याचा दिवस. पोरं निळ्या-तांबड्या फिती लावून उन्हात उभी. लाफोरेस यांचं भाषण – पाऊण तास, अस्सल पॅरिसचं फ्रेंच, मध्ये मध्ये रुमालाने कपाळ टिपणं. ‘आपल्या पूर्वजांनी गुलामीच्या साखळ्या तोडल्या!’ अहो, तोडल्या ना? मग ‘तोडा रे’ असं ओरडले कुठल्या भाषेत? उसाच्या मळ्यात काय व्याकरण जुळवत बसले होते?

मैदानाच्या कडेला आया उभ्या होत्या. निम्म्यांना अक्षर कळलं नसेल. टाळ्या मात्र त्यांच्याच सगळ्यांत मोठ्या. मला बघवेना. पोरीबाळींच्या आया, कडक इस्त्रीचे कपडे, आणि आपल्याला वगळणाऱ्या भाषणाला टाळ्या!

बायको, जिस्लेन, घरी म्हणाली, “जेवताना तरी दात-ओठ खाऊ नकोस, केळी चाव.” ती हसली. मला हसू आलं नाही.

२० मे, बुधवार

मंडळाने तोडगा काढलाय. पेपरचं शून्य तसंच राहणार. पण तोंडी परीक्षा घेणार – तोच विषय, फ्रेंचमध्ये, शुक्रवारी. राजधानीहून एक परीक्षक बाई येणार. तोंडीला पास झाली तर नाव पाठवतील.

म्हणजे लंगड्याला म्हणायचं, पळून दाखव, मग कुबडी देतो!

रोझलोरला सांगितलं. म्हटलं, घाबरू नको, मी शेजारी बसेन, अडलीस की शब्द पुरवेन. तिने माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “बरं, मास्तर.”

२२ मे, शुक्रवार

काय लिहू!

ती आत आली. गणवेश, केसांना पांढरी फीत. बाईंनी प्रश्न विचारला. मी पुढे सरकून बसलो, शब्द पुरवायला.

शब्द पुरवायला! ती बोलायला लागली आणि खोलीतला पंखासुद्धा ऐकू येईना. असं फ्रेंच! लाफोरेस यांच्यासारखं इस्त्री केलेलं नाही – वाहतं, हलकं, विनोदसुद्धा केला तिने! ज्ञानाचा उगम, अभिरुचीचा अधिकार कुणाला, सगळं नीट पायरी पायरीने. परीक्षक बाईंनी मध्येच चष्मा काढून ठेवला.

लाफोरेस खुर्चीतून उठले. “हिला तर फ्रेंच येतं!” असं ओरडले, जणू मुकी मूर्ती बोलली.

“कुठे शिकलीस, बाळ?” बाईंनी विचारलं.

“इथेच,” ती म्हणाली. “याच शाळेत. मागच्या बाकावर.”

अठ्ठ्याऐंशी! जागच्या जागी जाहीर. लाफोरेसनी माझा हात हातात घेऊन हलवला. मीही हलवला. जिंकलो ना आपण!

पण बाहेर व्हरांड्यात ती माझ्याजवळ थांबली नाही.

२३ मे, शनिवार

आज तिला गाठलं. आईच्या दुकानामागे पोत्यावर बसली होती. म्हटलं, “अगं, इतकं येत होतं तर आधी सांगायचं नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

मी पोत्याच्या कडेला टेकलो.

“अर्जात काय लिहिलंत तुम्ही? परीक्षक बाईंनी वाचून दाखवला तो मला, कौतुकाने. ‘मुलीला ती भाषा झेपत नाही.’ मास्तर, तीन वर्षं तुमच्या वर्गात आहे मी.”

“मी तुझ्यासाठीच –”

“संचालकांनी माझा पेपर वाचलाच नाही. ते एक वेळ समजू शकते. तुम्ही वाचलात. दोनदा वाचलात म्हणता. आणि तरी तुम्हाला वाटलं की पोरीला फ्रेंच येत नाही म्हणून बिचारीने क्रेओलमध्ये लिहिलं!”

“मग का लिहिलंस?”

“कारण ‘हे खोटं हसतं’ हे आई फ्रेंचमध्ये म्हणत नाही. मी फ्रेंचमध्ये लिहिलं असतं तर ते वाक्य माझ्या आईचं राहिलं नसतं. निबंधच त्याच्यावर होता! तेवढंही कळलं नाही?”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“अठ्ठ्याऐंशी मला नकोत,” म्हणाली. “ते माझ्या उच्चारांना दिलेत. माझ्या पेपरला किती, ते सांगा.”

२५ मे, सोमवार

इफोनिझ बाई रताळ्याचा केक घेऊन शाळेत आल्या. संचालकांना! त्यांच्या पाया पडायच्या बाकी होत्या. लाफोरेस केक खात मला म्हणाले, “बघितलंस? शेवटी शाळेनेच न्याय दिला.”

मी म्हटलं, “पेपरवरचं शून्य खोडा.”

“कशाला? तिचं काम झालंय. आई खूश आहे. मुलगी पास आहे. आता तुझं काय दुखतंय?”

माझंच काय दुखतंय? दुखतंय खरं! ज्या कागदावर ती सगळ्यांत खरी होती त्या कागदावर अजून शून्य आहे, आणि आम्ही सगळे केक खातोय. मीही खाल्ला. एक तुकडा.

२९ मे, शुक्रवार

आज ठरवूनच गेलो. वर्गाला म्हटलं, पुस्तकं मिटा. पेपर काढला. फळ्यावर लिहिलं – रोझलोर क्लेअरव्हिल, ८२. आणि तिचा निबंध वर्गापुढे वाचायला घेतला, क्रेओलमध्ये, पहिल्या ओळीपासून. दार उघडं ठेवलं होतं. लाफोरेस व्हरांड्यात येऊन उभे राहिले. राहू देत!

पहिल्या पानाला मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्या पानाला कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरचा तो डॉक्टरांचा मुलगा – वर्गात कायम नखं बघणारा – मान वर करून ऐकत होता. शेवटी त्याने हात वर केला आणि विचारलं, क्रेओलमध्ये विचारलं, “पण मग तिची आई कधी चुकते?” आणि वर्ग पेटला! सगळे एकदम बोलायला लागले, एकमेकांना तोडत, आयांची, आज्यांची, सुतारांची, बॅण्डवाल्यांची उदाहरणं देत. इतक्या वर्षांत असा तास झाला नव्हता.

घंटा झाली. लाफोरेस एवढंच म्हणाले, “आठ जूनला मंडळापुढे या.” म्हटलं, येतो.

रोझलोर शेवटी उठली. मला वाटलं, आता काही गोड बोलेल.

“मास्तर, वाचताना तुम्ही फार अडखळत होतात.”

“तुझं अक्षर –”

“माझं अक्षर छान आहे.” मग जरा थांबून, अगदी सौम्यपणे, “क्रेओल वाचायची सवय नाही का तुम्हाला?”

३१ मे, रविवार

चर्चमध्ये गेलो नाही. ही वही घेऊन बसलो. मे महिन्याची सगळी पानं उलटून पाहिली. रोझलोर काय म्हणाली, तिची आई काय म्हणाली, मिरच्यावाली काय म्हणाली, माझा तळपायापासून मस्तकापर्यंतचा सगळा संताप – प्रत्येक शब्द फ्रेंचमध्ये लिहिलाय. कुणी वाचणार नाही अशा वहीत. कुणी सांगितलं नव्हतं. मला कळलंही नाही.

२ जून, मंगळवार

हे मी क्रेओलमध्ये लिहितोय. दोन तरी चुका असतील.