दिवा लागला होता

मंगळवार, ११ मार्च
वर्कशॉप, जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र पाहून घाबरू नकोस, हातपाय शाबूत आहेत. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू आधी "जेवलास का?" विचारतेस, आणि मग मला पुढचं काही बोलवत नाही.

इकडे बरं चाललंय. खोकला गेला. खोलीतला पंखा अजून कुरकुरतो. जगाची इंजिनं दुरुस्त करतोस आणि स्वतःचा पंखा होत नाही, म्हणून शेजारचा वेल्डर चिडवतो. तू पाठवलेला स्वेटर बाह्यांना आखूड आहे, पण घालतो. तुला मी अजून शाळेतलाच वाटतो.

भावोजी कसे आहेत? घरी बसून आहेत हे मला माहीत आहे. तरी विचारतोय, बघ.

रविवारी फोनवर तू त्यांच्यावर केवढी चिडली होतीस! "इतकी वर्षं खोदाईचं मशीन चालवलं, आणि लाल दिवा लागला तरी थांबले नाहीत. इंजिन जाम झालं, साहेबांनी घरी बसवलं. मी म्हटलं, अहो, माझा भाऊ तिथेच आहे ना, इंजिनांचा डॉक्टर! त्याला विचारायचं तरी होतं. तर म्हणतात कसे, 'राहिलं खरं.'"

ताई, राहिलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं.

त्यांच्या मशीनच्या पडद्यावर ऑइलचं प्रेशर कमी असल्याचा कोड आला होता. असं झालं की एक तर प्रेशर खरंच कमी असतं, नाहीतर ते मोजणारा सेन्सर बिघडलेला असतो. खरं-खोटं करायला सेन्सर काढून त्याच्या जागी काट्याचं गेज लावायचं, इंजिन चांगलं तापू द्यायचं आणि काटा बघायचा. आमच्या कामातला पहिला धडा हाच. गेज माझ्या गाडीतच होतं. पण मागच्या महिन्यात दुसऱ्या एका मशीनवर हाच कोड आला, तेव्हा मी न तपासताच "सेन्सर गेलाय" म्हणालो आणि तसंच निघालं. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. तेव्हापासून मी हवेतच होतो.

म्हणून भावोजींच्या मशीनचाही सकाळी गार इंजिनवर सेन्सर बदलला, लॅपटॉपवरून कोड पुसला आणि मशीन चालू करून दाखवलं. दिवा लागला नाही. गार ऑइल घट्ट असतं, तेव्हा प्रेशर चांगलंच दिसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी मला ते आठवायचंच नव्हतं.

दुपारी त्यांनी मशीन थांबवून मला बोलावलं. "मला त्यातलं कळत नाही रे, पण तापलं की पुन्हा लागतोय. ते गेज लावून बघतोस का एकदा?"

मी वर चढलोसुद्धा नाही. खालूनच म्हणालो, "वायरिंगचं काहीतरी असेल भावोजी, संध्याकाळी बघतो. तुम्ही बिनधास्त चालवा. मी आहे ना!"

मी आहे ना! ते आठवलं की उघडलेला डबा तसाच मिटून ठेवतो.

त्यांनी माझ्या शब्दावर चालवलं आणि थोड्याच वेळात इंजिन जाम झालं. ऑइलचा पंप झिजला होता. जुना सेन्सरही बरोबर होता आणि नवाही.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. भावोजींना विचारलं, "दिवा लागला होता?"

"लागला होता."

"मग थांबवलं का नाही?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलेन म्हणून थांबले असावेत. मी बुटांकडे बघत उभा राहिलो. शेवटी तेच म्हणाले, "चुकलं माझं." आणि ताई, मला हायसं वाटलं. लिहिताना स्वतःची किळस येते, पण वाटलं खरं.

बाहेर आल्यावर वर मलाच म्हणाले, "तू अजून नवा आहेस, तुला लगेच काढतील. आणि ताईला सांगू नकोस, तिला फार कौतुक आहे तुझं." मी मान हलवली.

शुक्रवारी साहेब त्यांचा निकाल लावणार आहेत. इंजिन घालवणारा ऑपरेटर असं नाव झालं की दुसरीकडेही त्यांच्या हाती कोणी मशीन देणार नाही. म्हणून हे पत्र आत्ता पेटीत टाकतो आणि तसाच साहेबांकडे जातो. आधी पत्रच टाकायचं. मी मला ओळखतो, साहेबांच्या दारातून मी परत फिरेन. पण तुला कळणारच म्हटल्यावर गप्प बसून तरी काय उपयोग?

तू त्यांना जे काही बोललीस, ते सगळं माझ्या वाट्याचं होतं. त्यांना तसं सांग. माझ्या वतीने माफी मात्र मागू नकोस, ती मी येऊन मागणार. रविवारी येतो. दार त्यांना उघडू दे. आणि जेवलास का, हे तू विचारू नकोस. त्यांनी विचारलं, तरच जेवेन.

अजून म्हणवून घेता येत असेल तर,
तुझा भाऊ