आठ बदलांचा विषाणू

४ फेब्रुवारी
बाबा पॉझिटिव्ह आल्याला आज पासष्ट दिवस झाले. रोग तोच, साथीचा. बाकीचे लोक दहा दिवसांत बरे होऊन कामालाही लागले. पण बाबांना दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलंय. ते टिकावं म्हणून गोळ्या देऊन त्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. विषाणूला राहायला जागा मिळाली, हाकलणारं कुणी नाही.

हॉस्पिटलच्या काचेबाहेरून हात केला. आत सिस्टर त्यांना चमच्याने सूप भरवत होत्या. नंतर फोनवर म्हणाले, "ही बाई तुझ्या आईपेक्षा जास्त रागावते मला." आवाज खुशीत होता.

१२ फेब्रुवारी
बाबांचा नमुना मीच आमच्या लॅबमध्ये नेला होता, विषाणूची जनुकीय अक्षरं वाचणाऱ्या मशीनला मीच लावला. नळीवर नाव नसतं, नंबर असतो. हा नंबर मला पाठ आहे.

विषाणू स्वतःची नक्कल करताना चुकतो. एखादं अक्षर बदलतं. महिन्याला दोनेक चुका, बहुतेक बिनकामाच्या. बाबांच्या नमुन्यात आठ! त्यातल्या तीन नेमक्या तिथे, जिथून तो पेशीला चिकटतो. असा कुठेच नोंदलेला नाही.

दोनदा तपासलं. लॅबच्या प्रमुख सरांना दाखवलं. "नजर ठेव," म्हणाले. कुणाचा नमुना ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. लॅबभर बाबांची चर्चा नको, एवढंच तेव्हा मनात होतं.

२१ फेब्रुवारी
आणखी एक. तेच आठ बदल. हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्याचा नमुना.
वॉर्डला फोन केला. सिस्टर तापाने रजेवर आहेत.

२२ फेब्रुवारी
सांगायचंच, असं ठरवून सरांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "बोल."
मी म्हटलं, हातमोजे संपत आलेत.

६ मार्च
सतरा झाले. सिस्टरच्या घरातले दोघे, शेजारचे, मग सिस्टरची मुलगी जिथे शिवणकाम करते त्या कारखान्यातले. एकाच टेबलावरचे पाच. आता याला नावही मिळालंय – एक अक्षर, दोन आकडे. भिंतीवरच्या नकाशात ठिपके वाढतायत.

सर म्हणाले, "पहिला माणूस सापडायला हवा. त्याच्या अंगात हा बरेच दिवस घडत असणार." मी मान हलवली.

१३ मार्च
सिस्टर गेल्या.

१४ मार्च
बाबा फोनवर – "आपली बाई दिसत नाही बरेच दिवस?"
"बदली झाली त्यांची."
"मला न सांगता?"
दिवसभर रुसून होते. नव्या नर्सशी धड बोललेही नाहीत.

२ एप्रिल
बाहेरून दुसरा व्हेरिएंट आलाय. भलताच वेगवान. दोन आठवड्यांपूर्वी शंभर नमुन्यांत पाच होता, आज साठ. आपला ज्यांच्यापर्यंत पोचला असता, त्यांना हा आधीच गाठतोय.
'आपला' लिहिलंय मी. खोडत नाही.

२४ एप्रिल
तीन आठवडे त्या आठ बदलांचा एकही नमुना नाही. एकूण त्रेचाळीस माणसं, तीन मृत्यू. सर म्हणाले, "संपला. अहवाल पूर्ण कर." 'पहिला रुग्ण' या रकान्यात 'अज्ञात' मीच टाइप केलं.

बाबांच्या लागोपाठ दोन टेस्ट निगेटिव्ह. परवा सोडतायत.

५ मे
बाबा घरात फिरतायत, नळ नीट बंद होत नाही म्हणून माझ्यावर ओरडतायत. खालच्या मजल्यावरचे काका रोज पत्ते खेळायला येतात. मागच्या कितीतरी महिन्यांत घर इतकं भरलेलं नव्हतं.

आज म्हणाले, "बाईचा पत्ता काढ. भेटून येऊ. माझा राग गेलाय म्हणून सांग."
बघते म्हटलं.

१७ मे
बाबांना खोकला. "हवा बदललीय," म्हणतात. मी नाकातून स्वॅब घेतला. काकांना दारातूनच परत पाठवलं. माणसांचा मान ठेवत नाही, म्हणून मला बाबांची बोलणी बसली.

१९ मे
जुने आठ बदल तसेच आहेत. वर तीन नवे. टेस्ट निगेटिव्ह आल्या तरी तो बाबांच्या अंगात दडून होता.

सरांना फोन करून पहिल्या नमुन्यापासून सगळं सांगितलं. मग मी बाबांसमोर बसले. त्यांनाही सांगितलं – सिस्टरचंही.

बाबा उठले, आपल्या खोलीत गेले आणि आतून कडी लावून घेतली.