स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी

४ फेब्रुवारी, मंगळवार
डीनचं फर्मान आलं! आमचा स्थावर मालमत्तेचा अभ्यासक्रम म्हणे 'उद्योगाशी जोडलेला नाही'. घरं बांधणाऱ्या-विकणाऱ्यांशी संबंध दृढ करा, सामंजस्य करार आणा, नाहीतर पुढच्या वर्षी प्रवेश बंद. वर विचारतात, "मॅडम, त्या क्षेत्रात तुमची कुणाशी ओळख नाही का?"

ओळख! मी तर उद्योगाशी लग्नच केलं होतं. अकरा वर्षं टिकलं. याहून दृढ संबंध कुठल्या विद्यापीठाने जोडलेत, दाखवा!

डीन नवे आहेत, त्यांना काय माहीत. म्हटलं, बघते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
नाक मुठीत धरून फोन केला. तो आता शहरातल्या घर-एजंटांच्या संघटनेचा अध्यक्ष! पण उचलल्या उचलल्या तेच — "बोला मास्तरीणबाई!" घटस्फोटाला सहा वर्षं झाली. भांडीकुंडी, पुस्तकं, सगळं वाटून झालं, हे नाव मात्र त्याने स्वतःकडेच ठेवलं.

करार देतो म्हणाला. मुलांना व्याख्यान द्यायलाही येतो म्हणाला. "विद्यापीठ काय, पाच मिनिटांवर तर आहे!"

त्याचं सगळं जगच पाच मिनिटांवर. स्टेशन, शाळा, बाजार, दवाखाना. म्हणून तर मी त्याला 'पाचमिनिटे' म्हणायचे.

शेवटी नेहमीचं विचारलं — आपल्या फ्लॅटचं काय? नेहमीचंच उत्तर. "पार्टी आली होती मागच्या महिन्यात. नाही जमलं." दोन खोल्यांची ती जागा अजून दोघांच्या नावावर आहे. ती विकली की आमच्यातला शेवटचा धागा तुटेल आणि मी एकदाची मोकळी होईन. विकायचं काम त्याच्याकडे, आणि गिऱ्हाईकच मिळत नाही! शहरातला पहिल्या नंबरचा एजंट आणि स्वतःचं घर खपेना. दिव्याखाली अंधार.

८ फेब्रुवारी
आईला फोनबद्दल सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "जावईबापू बरे आहेत ना?" आई, ते आता जावई नाहीत. "तुझा नवरा नसेल. माझे जावई आहेत."

१२ फेब्रुवारी, बुधवार
वर्गात मूल्यांकन शिकवत होते. फळ्यावर 'स्टेशनपासूनचे अंतर' लिहिलं आणि खडू हातातच राहिला.

लग्नाआधी तोच फ्लॅट त्याने मला गिऱ्हाईक म्हणून दाखवला होता. नवी नोकरी, भाड्याच्या खोलीला कंटाळलेली मी. आत शिरले, खिडकीतून समोरच्या झाडाचा शेंडा दिसला आणि बोलायचं राहूनच गेलं. इतका बडबड्या माणूस, पण तोही गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "स्टेशन पाच मिनिटं." दुसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून चालून बघितलं. फोन करून झापलं — चौदा! तर म्हणतो कसा, "तुम्ही एकट्या चालता म्हणून. माझ्याबरोबर चालून बघा."

चालले. काय करणार!

स्वयंपाकघर आम्ही दोघांनी रंगवलं. डब्यावर लिहिलेलं 'फिकट पिवळा', भिंतीवर आला असा काही भडक की माझी ताई पहिल्यांदा आली ती पदर डोळ्यांवर धरूनच आत गेली. बदलू म्हणत राहिलो. रोज सकाळी त्या भिंतीपुढे चहा व्हायचा आणि दोघांचेही चेहरे पिवळे दिसायचे. फार सुखाचे दिवस होते ते. लिहायला लाज कसली, होतेच.

भांडण एकच होतं, पण वर्षानुवर्षं पुरलं. तो सगळं फुगवून सांगायचा आणि मी सगळं मोजून घ्यायचे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
व्याख्यान झालं. केस पांढरे झालेत, शर्ट मात्र नीट इस्त्रीचा. कोण करतं कोण जाणे.

मुलं खूश! मी वर्षभर घसा कोरडा करते तेव्हा जांभया देतात, आणि इथे वह्या काढून लिहीत होती. घर कसं दाखवावं? "पार्टी यायच्या आधी जाऊन सगळ्या खिडक्या उघडायच्या. अंधारातलं घर कुणी घेत नाही. स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी. आधी दाखवलंत तर बाई ओट्याची उंची आणि मोरी बघत बसते, मग बाकीचं घर तिला दिसतच नाही. आणि बघता बघता बाई गप्प झाली, तर तुम्हीही गप्प व्हा. ती मनातल्या मनात सामान लावत असते."

त्या दिवशी तो का गप्प राहिला होता, ते आज कळलं! धंद्याची युक्ती होती तर. वाईट वाटलं. हसूही आलं.

पुढच्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं, "सर, न विकलं गेलेलं घर आहे एखादं?"

"आहे एक," म्हणाला आणि पाणी प्यायला लागला.

मला काय झालं कुणास ठाऊक. उठून म्हटलं, "ते माझंच आहे. घ्या अभ्यासाला. विकून दाखवा!" डीनने टाळ्या वाजवल्या. विद्यापीठ आणि उद्योग, एकत्र उपक्रम, वा वा! कराराच्या कागदावर तिथेच सह्या झाल्या. पाचमिनिटे माझ्याकडे बघत होता. मी बघितलं नाही.

२२ फेब्रुवारी
आई म्हणते, "तुम्ही ते घर विकायला काढलंय की नुसतं दाखवायला?"

२ मार्च, रविवार
वर्गातल्या मुलांबरोबर फ्लॅटवर गेले. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच.

आत मिट्ट काळोख. खिडकीला हात लावला तर एका बोटाने उघडली. तेवढ्यात समोरच्या काकू आल्या. "अगंबाई, उघडतात की! ते तर म्हणायचे गंज धरलाय. दर वेळी लोकांना आणतात ते बंद खिडक्यांतच. आणि दार उघडलं की आधी थेट स्वयंपाकघरात. मी म्हटलंसुद्धा, अहो, बाहेरची खोली दाखवा आधी, किती छान आहे!"

स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. भिंत अजून तश्शीच, भडक.

सहा वर्षं! ज्या माणसाने भर वर्गात नियम शिकवले तो माझ्या घरात ते सगळे उलटे पाळत होता. मला बाजार पडलाय, बाजार पडलाय म्हणून सांगत होता, आणि बाजार शिकवणारी मी, मान डोलावत होते! असा संताप आला. बसने घरी येईपर्यंत पुरला. मग नाही पुरला. त्याला ते घर विकायचंच नव्हतं.

६ मार्च, गुरुवार
मुलांनी काल घर दाखवलं. रीतसर, त्याने सांगितलं तसं. त्याचाच फोन आला. "मुलांनी चोख काम केलंय. नवरा-बायको आहेत. बाई खिडकीपाशी गप्प झाली. रविवारी अकराला पुन्हा बघायला येतील, आवडलं तर टोकन देतील. तूच जा. मला नाही जमायचं."

खिडक्यांचं विचारणार होते, धीर झाला नाही. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "स्टेशन किती लांब सांगितलंस त्यांना?"

म्हणाला, "चौदा मिनिटं."

फोन ठेवल्यावर मी रडले. त्याने माझं मोजमाप मान्य केलं, आणि मला ते अजिबात नको होतं.

९ मार्च, रविवार
मुलांना गुण कालच देऊन टाकले. पैकीच्या पैकी.

सकाळी दहालाच फ्लॅटवर गेले. एकेक करून सगळ्या खिडक्या बंद केल्या. अकराला बेल वाजली. दार उघडलं आणि म्हटलं, "या ना. आधी स्वयंपाकघर बघून घ्या."