एकही नांगा पडला नाही

जळगाव,
९ ऑक्टोबर २०२४

ती. आबा,
सा. नमस्कार. मी ठीक. आईचा गुडघा कसा आहे? केळीचे वेफर्स लॅबमधल्यांनी डब्यासकट फस्त केले.

पत्र बघून हसाल. फोनवर सांगायला घेतलं, तर तुम्ही रोपांना पाणी देता देता 'बरं बरं' म्हणून ठेवून दिलात. म्हणून लिहितेय. लिहितानाही सारखी उठतेय.

तुमच्या रोपवाटिकेतून नेलेल्या लोटनकाकांच्या केळीवर हरण्या रोग आला, अख्खी बाग उपटावी लागली. तेव्हा पारावर तुम्हीच म्हणालात, "माह्या रोपात खोट नाही. पान माह्या पोरीकडे पाठव, तीच सांगीन." ते पान आलं. त्यातल्या विषाणूची जनुकीय अक्षरमाला निघाली.

अशा दोन माला सॉफ्टवेअर जुळवतं. चौकटींचा तक्ता मांडतं, प्रत्येक चौकटीत शेजारच्या तीन चौकटी बघून जास्तीत जास्त गुण धरतं. अक्षर गळालं असेल तिथे जागा मोकळी सोडतं, आपल्या सरीत मेलेल्या रोपाचा नांगा असतो ना, तशी. प्रत्येक नांग्याला गुण कापतं. किती कापायचे ते मी ठरवते.

दोन माला वेगळ्या निघाव्यात म्हणून मी ते हवे तसे बदलून पाहिले, आबा. लाज वाटते. पण एकही नांगा पडेना, कापणार कुठून!

दुसरी माला कुठली, विचाराल. गणपतीत आले तेव्हा आपल्या रोपांच्या शेडवरच्या गिलक्याच्या वेलाला पिवळे चट्टे दिसले. एक पान तोडलं, खालच्या केळीच्या रोपाचंही एक. काकांचं पान धरून तिन्हींत विषाणू एकच आहे. रोपांजवळ वेल नको, मावा कीड त्यावरून रोग उचलून नेते, हे तुम्हीच गावाला सांगता. आई मे महिन्यात तो वेल कापायला विळा घेऊन निघाली होती. "राहू दे, भज्याले होतीन," कोण म्हणालं?

काल लोटनकाकांचा फोन आला. "पोरी, माह्यंच वावर खराब असीन. तुह्या बापाची रोपं चांगलीच राह्यतात. रविवारी पुन्हा तीच लावतो."



अहवाल शुक्रवारी काकांकडे जातो, सही माझी आहे. लॅबमधली रूपा आज तिकडे फैजपूरला जातेय, तिच्या हाती हे पत्र देते. उद्याच काकांच्या ओट्यावर जा. रोपं देऊ नका. कागदाआधी त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या. नाही गेलात, तर शनिवारी पहिल्या एसटीने मी येऊन सांगेन. मग आपल्या घरी कशी येऊ, ते तुम्हीच सांगा.

जिच्याकडे तुम्ही पान पाठवलंत,
ती तुमची पोर,
मयुरी