उत्तरेसाठी एकच जागा

पोर्ट एराख,
११ डिसेंबर

प्रिय फर्गस,

तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते, कारण तुझ्याकडून काही कळायचं म्हणजे नाताळच्या कार्डाची वाट बघायची. आई ठीक आहे. गुडघा दुखतो, जीभ अजिबात दुखत नाही. परवा म्हणाली, "फर्गस लेडीबर्न क्लबच्या कमिटीवर गेला ना, आता त्याला मासा हातात धरायची शिसारी येत असेल." तुझी आठवण काढायची तिची हीच रीत.

शनिवारी आपल्या मैदानाची पाहणी झाली. लीगकडून तिघे आले होते. लीगमधला दक्षिणेतला तो जुना क्लब बुडाला, त्याच्या बदली उत्तरेतला एकच क्लब घेणार, हे मी तुला काय सांगणार? मत देणाऱ्यांत तूही आहेस. इथे मात्र शेंबडी पोरंसुद्धा दुसरं काही बोलत नाहीत. आपला क्लब की किनॅव्हनचा?

मध्यंतरापर्यंत आपण एका गोलने पुढे होतो. पाहुण्यांनी मैदानावरच्या माझ्या चहा-सुपाच्या खिडकीशी येऊन सूप मागून घेतलं, वर आणखी मागितलं. अंधारून आलं तसे मर्डोने दिवे लावले. खेळ सुरू झाला, रंगात आला, आणि चारही खांबांवरचे दिवे एकदम गेले. मिट्ट काळोख. कुणीतरी ओरडलं, "अरे, किनॅव्हनहून मेणबत्ती मागवा!" लोक हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. सामना तिथेच सोडावा लागला.

आता सगळं गाव यूअनच्या मागे लागलंय. वीजतारांचं काम त्याचं. शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचा तो. त्याची बायको कर्स्टी किनॅव्हनची, एवढं लोकांना पुरलं. खरं तर त्या दुपारी तो गावात नव्हताच, एका बोटीच्या कामाला गेला होता. तो म्हणतो, "सकाळी दिव्यांच्या पेटीची किल्ली देताना मी मर्डोला बजावलं होतं, चारही एकदम लावू नकोस, जुन्या तारा झेपणार नाहीत. एक तापला की मग दुसरा." मर्डो म्हणतो, "असं काही बोलल्याचं मला तरी आठवत नाही." मर्डो इतकी वर्षं क्लबचा कोच. लोक कुणाचं ऐकणार?

तुझा मेहुणा मर्डो बरा आहे. थोडा खोकला आहे.

मतदानाच्या वेळी आमच्यासाठी दोन शब्द बोलशील ना? मुलींना माझा एकेक पापा.

तुझी,
इशबेल


पोर्ट एराख,
१६ जानेवारी

फर्गस,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा उशिराच देते आहे. द्याव्यात की नाही, याचा थोडा विचार केला.

निकाल कळला. किनॅव्हन. आणि तेही एका मताने!

मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुझी ऍग्नेस म्हणाली, तू आंघोळीला गेलायस. इतका स्वच्छ कधीपासून झालास रे?

खाटकाच्या दुकानात मला तोंडावर ऐकवलं. "लेडीबर्नच्या पोरांना इथवर यायचं तर अख्खा दिवस मोडतो. किनॅव्हनला रेल्वे जाते. तुझ्या भावाने सोय बघितली असणार." मी म्हटलं, "माझा भाऊ असा नाही." मटण न घेताच बाहेर पडले. घरी येईपर्यंत मात्र मीही तोच हिशेब करत होते.

इथे फार वाईट चाललंय. यूअनच्या गाडीवर कुणीतरी लाल रंगाने 'किनॅव्हन' लिहून ठेवलं. ते पुसायला गेला तर जास्तच पसरलं. त्याला काम द्यायचं लोकांनी थांबवलं. कर्स्टी दुकानात शिरली की बायका डब्यांवरची अक्षरं वाचायला लागतात. मीही परवा एक डबा उचलला. घेवड्याचा होता. आमच्याकडे घेवडा कुणी खात नाही.

आई म्हणते, "मत देणारे दिवे बघून मत देतात, गाव बघून नाही. फर्गसला कशाला बोलतेस?" ती तुझी आई आहे, तसंच म्हणणार.

आणखी एक. किनॅव्हनने मर्डोला कोच म्हणून बोलावलंय. त्यांचे अध्यक्ष रेनी स्वतः घरी आले होते. तसा माणूस नम्र आहे. पायपुसण्याला बूट नीट पुसून आत आला. मी चहा केला. साखर आणायला मी उठत होते, तर म्हणाले, "बसा हो, बसा," आणि स्वतःच उठून वरच्या फडताळातून, पिठाच्या डब्यामागून भांडं काढलं.

आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. निदान मला तरी तसंच सांगितलं होतं.

हे मी तुला का लिहिते आहे, मलाच कळत नाही. विचारायचं होतं ते वेगळंच. तू मत कुणाला दिलंस?

इशबेल


पोर्ट एराख,
२७ फेब्रुवारी

प्रिय फर्गस,

तुझं पत्र मिळालं. आधी शिव्या दिल्यास आणि मग खुलासा केलास, हे बरं केलंस. उलटं केलं असतंस तर मी शिव्यांपर्यंत वाचलंच नसतं. तू मत आपल्याला दिलंस, "आता बसा" म्हणेपर्यंत बोलत राहिलास, आणि त्यावरून तुझ्याच क्लबातले लोक तुझ्याशी धड बोलत नाहीत. तरीही शेवटी दिव्यांवरच सगळं फिरलं. मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी काय सांगत होते?" मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मला माफ कर. तू लांब आहेस, तुझ्यावर संशय घेणं सोपं होतं. घरातल्या माणसावर घेतला की रोज त्याच्यापुढे ताट ठेवावं लागतं.

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. दिवे जाण्याच्या जरा आधी मर्डो माझ्या खिडकीशी आला होता. सामना चालू असताना तो बाकावरून उठत नाही. एकदा चेंडू लागून त्याचा दात पडला, तरी तोंडावर रुमाल दाबून तिथेच बसून होता, तू पाहिलंयस. त्या दिवशी मात्र आला, चहा मागितला आणि हातात धरून उभा राहिला. प्याला नाही. वर खांबांकडे बघत होता. दिवे गेले तसे सगळे ओरडले. मर्डो एवढंच म्हणाला, "गेले." एखादी गाडी वेळेवर सुटल्यावर माणूस म्हणतो ना, तसं.

दोन-तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी जेवणं झाल्यावर तो बुटांना पॉलिश करत बसला होता. आई शेजारी गेली होती. मी समोर बसले.

"रेनी याआधी किती वेळा आले होते?"

"आले असतील."

"मी बंदरावर कामाला गेले की?"

तो बूट घासत राहिला.

"यूअनने तुला सांगितलं होतं की नाही?"

"आठवत नाही."

"मर्डो, तू शाळेत असताना कुणी किती गोल केले, ते तुला आठवतं."

त्याने बूट खाली ठेवला. "सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय? लावले चारही."

मग तोच बोलायला लागला. "आपली निवड झाली असती तर ग्लासगोहून कुणी नावाजलेला कोच आणायचं कमिटीने ठरवलं होतं. मला म्हणे पोरांच्या वर्गाला ठेवणार होते. गारठ्यात, चिखलात ही टीम उभी केली कुणी? मी! आणि वर जायची वेळ आली की मी मागच्या दाराने बाहेर? तुलाही कुणी सांगितलं नाही. माझी बायको ना तू, म्हणून."

"तू सांगायचंस."

"तू मला थांबवलं असतंस."

ते खरं आहे. थांबवलंच असतं.

"आणि यूअन?"

"वाटलं होतं, लोक विसरतील."

"त्याच्या गाडीवरचा रंग अजून गेला नाही."

मी सांगितलं, शुक्रवारी क्लबची बैठक आहे. तिथे एकतर तू उभा राहा, नाहीतर मी राहते. त्याने दुसरा बूट उचलून त्यालाही पॉलिश केलं.

शुक्रवारी तो उभा राहिला. मी शेवटच्या रांगेत होते. त्याने सगळं सांगितलं, थोडक्यात. ग्लासगोच्या कोचबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. कमिटीवाले माना खाली घालून बसले होते, तो आपलं नाव घेतो की काय, या धास्तीने. त्याने नाही घेतलं. एवढ्या एका गोष्टीसाठी मला त्याचा पूर्ण राग करता येत नाही.

मग यूअन उठला. मला वाटलं, आता मारतो. तो म्हणाला, "इथे सांगितलंस, ठीक आहे. आता माझ्या घरी चल आणि कर्स्टीला सांग."

दोघे मागेपुढे चालत गेले. कर्स्टीने दारातच सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. त्याचंच मर्डोला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी कर्स्टीकडे गेले. मला तिने आत घेतलं. चहा दिला, पण स्वतः घेतला नाही. जाताना म्हणाली, "ते घेवड्याचे डबे तरी संपवलेत का तुम्ही बायकांनी?" मी हसले. ती नाही हसली.

जागा काही परत मिळायची नाही. लीगला कळवलं, तर उत्तर आलं की झालं ते झालं. मर्डोची कबुली ऐकूनही रेनी बधले नाहीत. म्हणाले, "आम्हाला कोच हवाय, पाद्री नव्हे." सोमवारी मर्डो किनॅव्हनला गेला. तिथे खोली घेतलीय. दारात पेटी ठेवून विचारत होता, "तू कधी येशील?"

मी म्हटलं, "आधी मला एक सांग. दिव्यांचं तू आपणहून कधी सांगितलं असतंस का?"

"हो," तो म्हणाला. लगेच म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, फर्गस. इतक्या वर्षांचं ओळखीचं तोंड, पण खरं बोलतोय की खोटं, मला काही म्हणता काही कळेना. शेवटी बस आली आणि तो गेला.

ईस्टरला ये. आईला यूअनकडून नवीन दिवा बसवून घ्यायचाय, पण तू आल्यावरच म्हणते.

तुझी बहीण,
आणि अजून तरी मर्डोची बायको,
इशबेल