रोगाची वाट पाहून राह्यले

सिंदी (रेल्वे), ८ जानेवारी २०२५

ती. आईले उज्वलाचा सा. न. वि. वि.

तीन राती झाल्या, डोळ्याले डोळा नाई. अंकिताले खोकला झाला, पण झोप त्यानं नाई उडाली. पोरगी खोकलली तं हे मोबाईलवरून मान वर करून विचारतात, गावात अजून कोनाले खोकला आहे काय? तोंडावर आस होती, आई. मले भेव लागलं.

टीव्हीवर नव्या रोगाचं सांगून राह्यले, शेअरचे भाव पडून राह्यले. तुले आठवते ना, लॉकडाऊनमधी आमचा सांभार, कोथिंबिरीच्या जुड्याच्या जुड्या, नालीत फेकला, अन् बाबाराव मास्तरनं पडलेले शेअर घेऊन दुसरा मजला बांधला? आमचं भाजीचं गिऱ्हाईक दोन वर्सं आलं नाई, अंकिताच्या बाबाच्या मनात मात्र तो मजला बसला. म्हणतात, रोग आला का भाव मातीत जाते, तवाच घ्या लागते. पैसा हाती पायजे म्हणून बाबांनं माझ्या नावानं केलेलं वावर विकून राह्यले, मले सही मांगतात.

घरात मोबाईल एकच, तो यायच्याच हातात. म्हणून पत्र, भाजीच्या ऑटोवाल्या धीरजजवळ देऊन राह्यली.

तुझीच उज्वला

पिपरी मेघे, ११ जानेवारी

चि. उज्वलाले आशीर्वाद.

शेजारची मेघा लिहून देऊन राह्यली. तुझे बाबा करोनात दवाखान्यात होते तवा किशोररावच धावले, आपला आदेश पुण्यात अडकला होता. जावई वाईट नाई. सही मांगतात तं करून दे, भांडू नको. पोरीले अडुळशाचा काढा पाज. आदेशले काही सांगितलं नाई, तो तापट आहे. तीळगूळ पाठवला. म्हातारीवर माया असू दे.

तुझी आई

सिंदी (रेल्वे), १३ जानेवारी

ती. आईले नमस्कार.

ते वाईट नाई, मले मालूम आहे. अंकिताचा खोकला बरा झाला. सांगितलं तं ह्यायनं परत मोबाईलच पाह्यला. आज भाव अजून पडले तं हसले. मी म्हटलं, करोनात आपले बाबा गेले ना हो. तं म्हणतात, म्हणूनच, यावेळी आपन तयार राहू.

गुरुवारी मले सेलूले रजिस्ट्रीले नेतात. एकटी असली तं मी सही करून देईन, आई. मले माझं माहीत आहे. संग कोनी उभं राह्यलं तं नाई म्हणता येईन.

आईले वाचता येत नाई. मेघा असो का दुसरं कोनी, जे हे वाचून राह्यलं त्याले हात जोडून सांगनं आहे. आईले मागून वाचून दाखवजा. पह्यले माझ्या आदेशदादाले फोन करजा.